दर सोमवारी नवी स्क्रीन

ज्योत्स्नाला कोड लिहिता येत नव्हता, आणि ही गोष्ट तिने कधी लपवलीही नाही. अमरावतीत राजापेठेजवळ एका बँकेच्या वरच्या मजल्यावर तिची छोटी कंपनी होती. कंपनी दालमिलसाठी सॉफ्टवेअर बनवायची. गेटवर गाडी आली की तिची नोंद, वजन, तुरीचा ओलावा, कोणता माल पोत्यांच्या कुठल्या थप्पीला लागला, डाळ किती निघाली, चुनी म्हणजे डाळीचा चुरा किती, असं सगळं त्यात भरलं जायचं. ते कसं असावं हे ठरवणं ज्योत्स्नाचं काम. प्रत्यक्ष बनवायचं ते गोपालने. व्हिजिटिंग कार्डावर तिच्या नावाखाली ‘प्रॉडक्ट मॅनेजर’ छापलेलं होतं, आणि याचा अर्थ काय, हे आईला नीट समजावणं तिला अजून जमलेलं नव्हतं.

ती मूळची अकोल्याची. जुन्या शहरात वाढली, तिथेच बी.कॉम. झाली आणि लग्नानंतर अमरावतीला आली. कंपनीत लागली तेव्हा फोनवर तक्रारी घ्यायची. मिलमधला माणूस वैतागून बोलत असला, तरी नेमकं कुठे अडलंय हे तिला त्याच्या आधी कळायचं. कंपनीचे मालक गोवर्धन सर यांनी हे हेरलं आणि तिला फोनवरून उठवून या कामावर बसवलं.

तिची रीत ठरलेली होती. सकाळी बडनेरा स्टेशनवरून रेल्वे पकडायची, अकोल्याला उतरून एमआयडीसीतल्या खुशालरावांच्या मिलमध्ये जायचं. खुशालराव तिथले मॅनेजर. ओलावा मोजायच्या टेबलाशेजारी ते तिच्यासाठी खुर्ची टाकायला सांगायचे. तिथे बसून ती नुसती बघायची. कोण कुणाला हाक मारतो, कोण चष्मा विसरतो, कुणाचे हात तेलकट असतात. दुपार कलली की मोर्णा नदीच्या पलीकडे आईवडिलांकडे जेवायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत. दुसऱ्या दिवशी काय हवंय ते ती चार-पाच पानांत लिहून काढायची. गोपाल ती पानं वाचायचा, एखाददुसरा प्रश्न विचारायचा आणि कानाला हेडफोन लावायचा. दोन-तीन आठवड्यांनी ती वस्तू तयार व्हायची.

गोपाल अंजनगाव सुर्जीचा. अबोल माणूस. इतकी वर्षं मिलचं सॉफ्टवेअर बनवत होता, पण मिलच्या आत त्याने कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्याला कधी कुणी जायला सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही कधी विचारलं नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर गोवर्धन सर पुण्यात कसल्याशा परिषदेला जाऊन आले. आल्यावर त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की आता जग बदललंय. यापुढे प्रॉडक्ट मॅनेजरने पानं लिहून आणायची नाहीत, चालती वस्तूच बनवून आणायची. एआयची साधनं कंपनीने घेतली आहेत. काय हवं ते आपल्या भाषेत सांगायचं, कोड ते लिहितं. मोठ्या कंपन्यांत आता असंच चालतं आणि मागे राहून भागणार नाही. सर रागाने बोलत नव्हते, उलट खुशीत होते.

ज्योत्स्नाच्या मनात आलं, चाळिशी उलटल्यावर नव्याने शिकायचं, आणि नाही जमलं तर घरी बसायचं. तिने गोपालकडे पाहिलं. तो स्वतःच्या हातांकडे बघत होता. वस्तू तीच बनवणार असेल तर आपण काय करायचं, हा विचार त्याच्या मनात आला असणार, हे तिला त्याने न सांगताच कळलं.

तरी तिला शिकवलं त्यानेच. दुपारी डबे झाले की तो खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसायचा. डेटाबेस म्हणजे गोदाम, त्याने सांगितलं. माल कुठे ठेवायचा, कुठल्या नावाने ठेवायचा आणि पुन्हा हवा तेव्हा कसा काढायचा, एवढंच. गोदाम तिला समजत होतं. पहिल्या आठवड्यात तिने त्या साधनाला सांगून गाडीच्या नोंदीची एक देखणी स्क्रीन बनवली. गोपालने तिच्यात एक नंबर भरला, बटण दाबलं आणि थोडा वेळ वाट पाहिली.

“गाडी कोठी गेली, ताई?” त्याने विचारलं.

गाडी कुठेच गेली नव्हती. दिसायला सगळं छान होतं, पण आत साठवायची सोयच नव्हती. ज्योत्स्नाने ते पुन्हा केलं, पुन्हा चुकलं. चूक झाली तर मागच्या पायरीवर परत येता येतं हे कळल्यावर तिची भीती गेली. संक्रांतीपर्यंत तिने एक गोष्ट खरोखर चालती करून दाखवली. गाडीच्या पाटीचा फोटो काढला की नंबर आपोआप भरला जायचा. त्या संध्याकाळी तिने घरी नवऱ्याला, धम्मदीपला, चपलांच्या स्टँडपासून गल्लीतल्या रिक्षापर्यंत सगळीकडे नेऊन ते दाखवलं. वर्षानुवर्षं ती दुसऱ्याला सांगत आली होती, असं कर, तसं कर. आज पहिल्यांदा तिने सांगितलं होतं आणि तिनेच केलं होतं. तो आनंद काही वेगळाच होता, आणि त्याची तिला पुरती चटक लागली.

पूर्वी एखादी कल्पना सुचली की तिच्यामागे गोपालचे तीन आठवडे लागायचे. त्यामुळे बऱ्याचशा कल्पना कागदावरच विरून जायच्या. आता एकही विरेना. ओलाव्याला रंग दिले. थप्प्यांचा नकाशा आला. बोलून नोंद करायची सोय झाली, मग ती काढून दुसरी आली. बटणं वरून खाली गेली, खालून उजवीकडे आली. दर सोमवारी मिलला काहीतरी नवीन जायचं. गोवर्धन सर बाहेरच्या पाहुण्यांना तिच्या टेबलापाशी आणून दाखवायचे, आणि गोपाल शिकवायला बसायचा ती खुर्ची ज्योत्स्ना आता पाहुण्यांसाठी ओढून द्यायची.

अकोल्याला जाणं मात्र सुटलं. जायला वेळ कुठला? आणि गरज तरी काय? मिलकडून रोजच्या नोंदी येतच होत्या. एक दिवस वडिलांचा फोन आला. देवमनजी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, पण स्वतः फोनवर मोजकंच बोलणारे.

“काय वं, मिल बंद पडली काय तुही?” त्यांनी विचारलं.

ती हसली, काम फार आहे म्हणाली. त्यांनी बरं म्हटलं आणि फोन ठेवून दिला.

गोपालकडे आता तिने बनवलेलं वाचून तपासायचं काम उरलं होतं. तो ते मन लावून करायचा. कधीकधी विचारायचा, हे बटण कोण दाबेल? ती म्हणायची, गेटवरचा माणूस. कोणता, तो विचारायचा. जो असेल तो, ती म्हणायची. हे बोलताना तिला काही वाटलं नाही. पूर्वी तिच्या पानांत त्या माणसांची नावं असायची.

मार्च लागला. तुरीच्या हंगामाची गर्दी होती. खुशालरावांच्या मिलमधला गेटवरचा कॉम्प्युटर बदलायचा होता, ज्योत्स्नाला पाहुण्यांपुढे सादरीकरण होतं, आणि हात रिकामे होते ते गोपालचे. म्हणून सरांनी त्यालाच पाठवलं. तो गेला, संध्याकाळी परतला. दुसऱ्या दिवशी डबे उघडल्यावर तो तिच्यासमोर येऊन बसला.

“ताई, तठी आपलं सॉफ्टवेअर कोनी वापरून नाई राहिलं.”

तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. रोज नोंदी येतात, ती म्हणाली. तिने कालच पाहिल्या होत्या.

“येतेत. पन गेटवर सगळं कागदावर लिहितेत. मंग संध्याकाळी खुशालराव सोता बसून एकेक भरतेत. तुमाले दिसलं पायजे म्हनून.”

ज्योत्स्नाने घास डब्यात परत ठेवला. मग तिला राग आला, आणि तो समोरच्या माणसावरच आला. “तुले बरं वाटलं असन,” ती म्हणाली.

गोपालने डब्याचं झाकण लावलं. त्याला राग आलेला दिसला नाही.

“नाई, ताई. मले वाईट वाटलं. तुमचं सगळं म्या वाचलं हाये. चांगलं होतं थे.”

ती उठून खिडकीपाशी गेली. खाली रस्त्यावर नेहमीची वर्दळ होती. आपण बोललो ते चुकलं, हे तिला बोलतानाच कळलं होतं. थोड्या वेळाने ती परत आली आणि त्याला तसं सांगितलं. त्याने मान हलवली, डबा पुन्हा उघडला आणि मिरचीची भाजी तिच्याकडे सरकवली.

दुसऱ्या दिवशी ती अकोल्याला गेली. खुशालरावांनी नेहमीसारखी खुर्ची टाकायला सांगितली, चहा मागवला, धम्मदीपची, घरची चौकशी केली. कामाचं मात्र काढेनात. शेवटी तिनेच विचारलं. गोपालने सांगितलंय, आता लपवू नका, असं म्हणाली. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“ताई, माह्या गेटवरचा मानूस एक स्क्रीन शिकते, तवर दुसरी येते. बाहेर गाड्यायची रांग लागते, डायवर हॉर्न वाजवतेत. हंगामात शिकाले वेळ कोठून आनाव?”

“मंग मले फोन काहून नाई केला?”

“तुमी एवढ्या जीवानं करून राहिल्या. आमी आपसात म्हटलं, ताईचं मन नाई मोडाव.”

 इतकी वर्षं ही माणसं तिच्याशी फोनवर भांडली होती, बटण चालत नाही म्हणून ओरडली होती. आता त्यांनी तिला सांभाळून घेतलं होतं, आणि तिच्या कामासाठी तेच सगळ्यात वाईट ठरलं होतं. तिला लाजही वाटली आणि कुठेतरी ऊबही वाटली. ती गेटवर जाऊन उभी राहिली. तिथला माणूस बदललेला होता. जुना नोकरी सोडून गेला होता आणि हा नवा डावखुरा होता. तिने उजवीकडे नेलेलं बटण तो पडद्यावर दाबून दाखवू लागला, तेव्हा त्याच्याच हाताने पडदा झाकला जात होता. आल्या आल्या दिसावी अशी ती गोष्ट होती.

दुपारी ती जुन्या शहरात घरी गेली. आईने ताट वाढलं. काय झालं ते तिने सांगितलं. देवमनजींनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की मग आता पुढच्या आठवड्यातही येशील ना? येईन, ती म्हणाली.

अमरावतीला परतल्यावर ती आणि गोपाल बसले आणि एकेक गोष्ट काढायला लागले. काढून टाकायला काहीच वेळ लागत नव्हता. वेळ लागत होता तो ठरवायला. थप्प्यांच्या नकाशावर तिचा फार जीव होता. गोपालने तो तिच्याकडून दोनदा उघडून घेतला आणि दोन्हीदा विचारलं, हा कोण बघेल? शेवटी तिने तोही काढला. गाडीची नोंद, वजन आणि ओलावा एवढंच उरलं. पाटीचा फोटो राहिला, कारण तो गेटवरच्या माणसाने मागून घेतला. हंगाम संपेपर्यंत एकही बटण हलणार नाही, असं तिने खुशालरावांना कळवलं.

गोवर्धन सरांना हे रुचलं नाही. पाहुण्यांना दाखवलेल्या गोष्टी आता गायब होत्या. त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मिल वापरतच नव्हती, हे तिने स्पष्ट सांगितलं. मग इतक्या महिन्यांत शिकलात ते वाया गेलं का, त्यांनी विचारलं. प्रश्न कुत्सित नव्हता. विचार करून सांगते, ती म्हणाली.

उत्तर सापडलं ते गोपालच्या एका साध्या बोलण्यातून. तो म्हणाला, मिल वापरतेय की नाही हे गोदामालाच, म्हणजे डेटाबेसलाच, विचारता आलं असतं. कुठली स्क्रीन कुठल्या कॉम्प्युटरवर कधी उघडली, हे सगळं आत लिहिलेलं असतं. कुणी विचारतच नाही. ज्योत्स्ना ते विचारायला शिकली. पहिल्या खेपेला आलेले आकडे बघून तिला फार आनंद झाला, पण त्यातलं बरंचसं उघडणं तिचं स्वतःचंच होतं, तपासताना केलेलं. ते वगळायला शिकली. साधन तिच्यासाठी प्रश्न लिहून द्यायचं, पण तो प्रश्न बरोबर आहे का, हे आता तिला वाचून कळू लागलं. बनवण्यात जसा तिचा जीव रमला होता, तसा आता या बघण्यात रमला. मिलमध्ये खुर्चीवर बसून ती जे करायची, त्याच्याच जवळचं हे काम होतं.

बघता बघता तिला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. ‘उद्याची आवक’ नावाचं एक पान रोज संध्याकाळी गेटवरच्या कॉम्प्युटरवर उघडलं जायचं, जरा वेळ तसंच राहायचं आणि बंद व्हायचं. रविवार सोडून एकही दिवस चुकला नव्हता. असं पान आपण बनवल्याचं तिला आठवेना. गोपालला विचारलं तर तोही आधी गोंधळला. मग त्याला आठवलं, की फार पूर्वी स्वतःच्या तपासणीसाठी त्याने ते केलं होतं आणि काढायचं राहून गेलं. बाजार समितीत घेतलेला माल उद्या किती गाड्यांतून येणार, हा खुशालराव रोज भरायचे तो आकडा, एवढंच त्यात दिसायचं.

“कोन पाहत असन?” गोपाल म्हणाला.

या वेळी दोघं मिळून अकोल्याला गेले. एप्रिल होता, ऊन तापलेलं. दिवस कलेपर्यंत ते गेटच्या खोलीत पंख्याखाली बसले. गोपालने तिथल्या डावखुऱ्या माणसाशी गप्पा सुरू केल्या आणि स्वतः गोपालच इतका बोलका निघाला, की ज्योत्स्ना बघत राहिली. काम सुटायच्या वेळी एक वयस्क बाई आल्या. त्यांना बघताच गेटवरच्या माणसाने न विचारता ते पान उघडलं. बाईंनी डोळे बारीक करून पाहिलं, मान हलवली आणि निघाल्या.

ज्योत्स्नाने त्यांना थांबवलं. त्या पार्बताबाई. मिलमध्ये वेचणीला आणि पोती शिवायला बाया लागतात, त्यांना बोलावून आणायचं काम त्यांचं. बाया पातूर रस्त्यावरच्या गावांतून ऑटोने यायच्या. उद्या गाड्या किती, यावर बाया किती लागणार ते ठरायचं.

“गाड्या कमी असल्या त निम्म्या बाया रिकाम्या वापस जातेत,” पार्बताबाई म्हणाल्या. “दिवस जाते बिचाऱ्यायचा. म्हनून पाहून जातो अन् घरी गेल्यावर फोन करतो सगळ्यायले.”

आधी हे पान नसताना काय करायचात, ज्योत्स्नाने विचारलं. अंदाजाने, त्या म्हणाल्या. आता अडचण एवढीच, की संध्याकाळनंतरही एखादी गाडी वाढायची आणि ते त्यांना सकाळी कळायचं. तुमच्याजवळ मोबाईल आहे का, गोपालने विचारलं. होता. पण बारीक अक्षर त्यांना दिसत नव्हतं. फोन आला आणि कुणी तोंडाने सांगितलं तर बरं, असं त्या म्हणाल्या.

ज्योत्स्नाने तिथेच मांडीवर लॅपटॉप घेतला. आकडा बदलला की पार्बताबाईंच्या मोबाईलवर फोन जाईल आणि गाड्या किती ते ऐकू येईल, असं तिने त्या साधनाकडून करून घेतलं. आधीसारखी घाई मात्र तिने केली नाही. आधी गोपालला वाचायला दिलं. त्याने हळूहळू सगळं खालपर्यंत वाचलं आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. एखाद्या संध्याकाळी आकडा भरायचा राहिला, तर फोनवर ‘शून्य गाड्या’ असं ऐकू आलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी एकही बाई आली नसती. हे ज्योत्स्नाला सुचलं नव्हतं, त्या साधनालाही नाही. तिने दुरुस्ती केली. आकडा नसेल तर फोन थेट खुशालरावांना जायचा, भरायचं राहिलंय म्हणून.

पहिल्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली. फोनवरचा यंत्राचा आवाज ‘उद्या पाच वाहने अपेक्षित आहेत’ असं म्हणाला आणि पार्बताबाईंनी तो जाहिरातीचा समजून कापून टाकला. मग ज्योत्स्नाने ऑफिसचं दार लावून घेतलं आणि स्वतःच्या आवाजात एकेक वाक्य भरलं. उद्या एक गाडी. उद्या दोन गाड्या. उद्या तीन गाड्या. थेट वीसपर्यंत. बाहेर सगळे काम थांबवून ऐकत होते.

गोवर्धन सरांनाही ऐकू गेलं. त्यांनी बाहेर आल्यावर विचारलं आणि तिने सगळं सांगितलं, आकड्यांत काय दिसलं इथपासून. त्यांनी ते पान स्वतः उघडून पाहिलं. मग म्हणाले, यापुढे दोघांनी मिळूनच मिलला जावं. गोपालच्या कार्डावर आता काय छापायचं, असंही त्यांनी विचारलं. गोपाल म्हणाला, जे हाये तेच राहू द्या. बाकीच्या मिलच्या आकड्यांत काय दिसतं ते बघायचं काम ज्योत्स्नाकडे आलं, आणि दर आठवड्याला निदान एका गावचा प्रवासही. अकोल्याची पाळी असली की जेवण जुन्या शहरात ठरलेलं असायचं. आता ताटं दोन लागायची, आणि देवमनजी गोपालशी जुन्या एक्स्चेंजच्या वायरींबद्दल इतकं बोलायचे, की ज्योत्स्नाच्या आईला, जाईबाईंना, गोपालला जेवू द्या म्हणून सांगावं लागायचं.

मे महिन्यात एकदा ज्योत्स्नाला ताप होता म्हणून गोपाल एकटाच जाऊन आला. येताना ऑटोसाठी थांबला असताना पार्बताबाई शेजारी होत्या, आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. दुसऱ्या दिवशी त्याने तिला सांगितलं, की बाई तुमचं पूर्ण ऐकतात. उद्या चार गाड्या, असं ऐकून झालं आणि त्या म्हणाल्या, “बरं, ठेव मंग बाई.” आणि पलीकडून काही आलं नाही, तर थोडा वेळ तशाच फोन धरून उभ्या राहिल्या.

ज्योत्स्ना हसली. मग तिने दार लावून घेतलं आणि सगळी वाक्यं पुन्हा एकदा भरली. प्रत्येकाच्या शेवटी थोडी जागा सोडली, आणि मग म्हटलं, “ठेवते, बाई.”